माथ्यावरचे हेगलंड

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ वितळायला लागलं, दमट वारा आला आणि शेडमध्ये टांगलेली तंबाखू मऊ पडली. कोरड्या हवेत हात लावला तर पानाचा चुरा होतो, म्हणून माथ्यावरचे सगळे नॉर्वेजियन या हवेवर डोळा ठेवून असतात आणि ती आली की हातातलं टाकून शेडकडे धावतात. शनिवारी सकाळी सेल्मर हेगलंडच्या खुडायच्या खोलीत चूल पेटली होती आणि चौघं बाकाशी उभी राहून देठावरून पानं उतरवत होती. सेल्मर, त्याची बायको थोरा, त्यांची मुलगी कारीन, आणि बाकाच्या टोकाला, जिथून सगळ्यांच्या हातांकडे बघता येतं तिथे, सेल्मरची थोरली बहीण बोर्गहिल्ड.

बोर्गहिल्ड चौऱ्याहत्तर वर्षांची होती. आई साथीत गेली तेव्हा ती सतराची होती. तेव्हा घर तिच्या हातात आलं, आणि पुढे वडील वारले, सेल्मरचं लग्न झालं, तरी ते परत मागायची कोणाची छाती झाली नाही. घराण्याचा इतिहासही तिच्याचकडे होता. बारा वर्षांपूर्वी ती नॉर्वेला जाऊन मूळच्या हेगलंड शेतावर तीन दिवस राहून आली होती. तिथल्या लोकांनी तिला आंबट सायीची खीर खाऊ घातली आणि नाक अगदी हेगलंडांचं आहे, असं सांगितलं. तेव्हापासून ते नाक ती जरा वर करूनच फिरत होती.

अमेरिकेला यंदा दोनशे वर्षं होणार, म्हणून पेम्बरी काउंटीने पुस्तक काढायला घेतलं होतं. काउंटीत कोण कुठून आलं, कुठे वसलं, हे पुढे आपलं मूळ शोधणाऱ्यांना एका जागी सापडावं, यासाठी प्रत्येक घराण्याला एक पान दिलं होतं. सोबत रंगीत नकाशा. माथा निळा, म्हणजे नॉर्वेजियन. खोरं लाल, म्हणजे बोहेमियन, चेक बोलणारे. गिरणीकडचा भाग पिवळा, तिथे जर्मन. आयरिश लोक सगळ्यांच्या आधी आले होते आणि सगळ्यांच्या आधी निघूनही गेले होते, त्यामुळे त्यांना दफनभूमीपुरता एक हिरवा ठिपका मिळाला होता. रंग एकमेकांत मिसळायचे नाहीत असा समितीचा ठराव होता, कारण छापखानेवाल्याला ते जमत नव्हतं.

कारीन या समितीची टायपिस्ट. जुन्या चर्चच्या वह्या वाचता येणारी तरुण माणसं काउंटीत दोनच होती, आणि दुसरा फ्लोरिडाला राहायला गेला होता.

"आत्या," कारीन म्हणाली, "आपलं पान मी अजून टाइप केलं नाही."

"का? सोमवारी द्यायचंय ना?"

"एक विचारायचं होतं. टॉर्केल पणजोबा कधी वारले?"

"अठराशे ऐंशी. थडग्याच्या दगडावर आहे."

"दगड कोणी बसवला?"

"मीच. लाकडी क्रूस कुजून गेला होता."

"मग साल कुठून आणलंस?"

बोर्गहिल्डने हातातला देठ खाली ठेवला. असे प्रश्न तिला कोणी विचारत नसे. "बाबांचा जन्म शहात्तरचा. धाकट्या आत्याचा एकोणऐंशीचा. म्हणजे आजोबा ऐंशीपर्यंत असणारच. मेलेल्या माणसाला मुलं होत नाहीत, कारीन."

"चर्चच्या वहीत ते एकाहत्तर साली गेलेत. ओक तोडताना अंगावर पडला."

चुलीत लाकूड तडकलं. थोरा चटकन म्हणाली, "जुन्या पाद्रीबुवांचा काय भरवसा? माझ्या आजीला त्यांनी दोनदा पुरलंय."

"पुढच्या वर्षीच्या पानावर इंगेबोर्ग पणजीचं लग्न आहे," कारीन म्हणाली. ती वर बघत नव्हती. पानं मात्र फार नीट रचत होती. "टॉर्केल हेगलंडची विधवा इंगेबोर्ग. आणि हेगलंडवरचा गडी यान वोंद्राक. जन्म बोहेमिया. मोठेपणी आपल्या पंथात घेतला. त्याखाली चार मुलांचे बाप्तिस्मे आहेत. त्यात आजोबा दुसरे. बापाचं नाव सगळीकडे यान हेगलंड."

"यान हेगलंड," बोर्गहिल्ड म्हणाली.

"तुला सांगायला नको. नाव शेताचं असतं, माणसाचं नव्हे. शेतावर जो राहायला जाईल तो त्या नावाचा."

सांगायला नकोच होतं. नॉर्वेजियनांची ही रीत बोर्गहिल्डने चर्चच्या तळघरात दोनदा भाषण करून लोकांना समजावली होती. स्ट्रँड आडनावाचा माणूस बायकोच्या शेतावर जातो आणि बाक्केन होतो, त्यामुळे आपले पूर्वज शोधताना डोळ्यांत तेल घालावं, असं तिने हातातल्या छडीने फळ्यावर दाखवलं होतं. नंतर चार घरांनी आपापल्या आजोबांची नावं बदलून घेतली. स्वतःच्या आजोबांकडे तिने छडी वळवली नव्हती. यान आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले होते आणि इंगेबोर्ग आजी नुसतंच 'तुझे आजोबा' म्हणायची. तेवढ्यावर सगळं भागलं होतं.

"एक आपलंच घर आहे असं नाही," कारीन म्हणाली. तिने घाईने पुढचं सांगायला घेतलं. "मी आतापर्यंत साठेक पानं टाइप केलीत. खोऱ्यात जमीन अरुंद, घरात मुलं नऊ-दहा. धाकटे मुलगे हिवाळ्याला वर यायचे, माथ्यावर झाडं तोडायला. आपल्याकडचे पुरुष झाडाखाली, नदीत, तापात जायचे. शेत आहे, बाई आहे, गाई दोहायच्या आहेत, आणि कोठारात एक गडी झोपलाय. पाद्रीबुवा वसंतात यायचे आणि एकदम तीन-चार लग्नं लावून जायचे. नकाशातला निळा रंग तेवढा निळा नाहीच मुळी."

"नकाशा राहू दे," थोरा म्हणाली. "पान आहे तसंच जाऊ दे. टॉर्केलच्या दगडाला इतके दिवस कोणी हरकत घेतली नाही. आता चर्चच्या बायकांना चघळायला कशाला द्यायचं?"

"खोटं टाइप करू का, आई?"

"टाइप करतेस तू. खोटं तुझ्या आत्याने लिहिलंय."

हे तिने बोर्गहिल्डच्या बाजूने बोलायच्या इराद्याने म्हटलं होतं.

बोर्गहिल्ड सेल्मरकडे बघत होती. सगळ्या गोंधळात तो तेवढा काम करत होता. अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने नुकतंच ऐकलं होतं की त्याचा आजोबा भलताच कोणीतरी आहे, आणि त्याच्या हातातलं एक पानही फाटलं नव्हतं.

"सेल्मर."

"हं."

"तू काही बोलत नाहीस."

"काय बोलू?" त्याने जुडी बांधली. "बाबा घोड्यांना काय म्हणायचे, आठवतं?"

आठवत होतं. नांगर ओढताना, गाडी चढावर अडली की बाबा घोड्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी हळू बोलायचे आणि घोडे चालायला लागायचे. लहानपणी ती भाषा घोड्यांची आहे असं बोर्गहिल्डला वाटायचं. मोठी झाल्यावर तिने त्यावर पुन्हा विचार केला नव्हता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"थोडंफार."

"दगड बसवताना तू माझ्यासोबत होतास!"

"दगड जड होता. मी धरून उभा होतो."

"थोरा, तुला?"

थोराने चुलीत लाकूड घातलं, जरुरीपेक्षा जास्त. "मला लग्नानंतर कळलं. इथे कोण कोणाला काय सांगतं? कानावर येतं आपलं."

एकूण हेगलंडांचा इतिहास हेगलंडांच्या घरात सगळ्यांना माहीत होता. जिच्याकडे तो ठेवायला दिला होता तेवढी एक सोडून. बोर्गहिल्डला राग आला आणि तो कोणावर काढावा हे कळेना. तिने एप्रनला हात पुसले. तंबाखूचा चीक निघाला नाही. मग राग ओसरायच्या आतच दुसरी एक गोष्ट तिच्या मनात आली, आणि ती रागाहून वाईट होती.

सिग्ने.

सिग्ने तिची धाकटी बहीण. तीस सालच्या ऑक्टोबरात तिने खोऱ्यातल्या लुडविक शिमेकशी लग्न ठरवलं. बोर्गहिल्डने तिची पेटी भरून ओसरीवर ठेवली आणि सांगितलं, हेगलंडांच्या घरात बोहेमियन कधी जेवायला बसला नाही आणि बसणारही नाही. बाबा तेव्हा अंगणात घोडे जुंपत होते. त्यांनी ऐकलं आणि ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा तिने होकार असा अर्थ घेतला. त्यानंतर सिग्नेचं नाव तिने पंचेचाळीस वर्षं काढलं नाही. कारीनकडे दिलेल्या पानावरही बाबांच्या ओळीत, अँडर्स हेगलंड, मुलं पाच, असंच लिहिलं होतं. मनात कधी काही सलायला लागलं तर ती स्वतःला सांगे की हे मी बाबांसाठी केलं, बाबांना नसतं चाललं.

"बाबांना ठाऊक होतं?" तिने विचारलं. "आपण कोणाचे ते?"

सेल्मरने पहिल्यांदाच हात थांबवले.

"सेल्मर, मला उत्तर हवंय. त्यांना माहीत नसेल तर मी जे केलं ते त्यांच्या वतीने केलं. माहीत असेल तर..."

"सिग्नेला विचार," सेल्मर म्हणाला. "मी सांगितलं तर ते पुन्हा तुझ्या पाठीमागे बोलल्यासारखं होईल. पाठीमागे पुष्कळ झालंय."

"बाबा!" थोरा दटावणीच्या सुरात म्हणाली. नवऱ्याला ती मुलीसमोर अशीच हाक मारायची. "आता या वयात तिला खोऱ्यात पाठवताय? रस्ता तरी आहे का धड?"

"रस्ता चार मैल आहे," सेल्मर म्हणाला. "आणि गेली वीस वर्षं तो डांबरी आहे."

बोर्गहिल्डने कोट घातला आणि काउंटीच्या पुस्तकाचा कागद कारीनकडून मागून घेऊन पर्समध्ये ठेवला. कारीन न विचारताच गाडीची किल्ली घेऊन निघाली.

खोऱ्यात उतरताना ओढ्यापाशी पाणी रस्त्यावर आलं होतं. शिमेकांच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा कारीन म्हणाली, "मी इथेच थांबते. पुस्तक आणलंय." पुस्तक तिने आधीच आणून ठेवलं होतं हे बोर्गहिल्डच्या लक्षात आलं. पण एका दिवसात किती गोष्टी लक्षात घ्यायच्या?

दार सिग्नेनेच उघडलं. केस पांढरे झाले होते, कमरेत वाकली होती, कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. लुडविक जाऊन तीन वर्षं झाली होती. बोर्गहिल्डने ते वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं.

"आलीस," सिग्ने म्हणाली.

"आले."

"चिखल फार आहे. पाय पूस."

तिने पाय पुसले. स्वयंपाकघरात खसखस दुधात शिजत होती, टेबलावर कणकेचे गोल लाटून मांडले होते. सिग्नेने एक खुर्ची मोकळी केली आणि पुन्हा कामाला लागली. तिला कसली घाई नव्हती. पंचेचाळीस वर्षं थांबली होती, आणखी चार मिनिटांनी काही बिघडणार नव्हतं.

"मला एकच विचारायचं आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. "यान वोंद्राक."

सिग्नेचा हात गोलावर थांबला. "कोणी सांगितलं तुला?"

कोण तो, असं तिने विचारलं नाही. बोर्गहिल्डला खरं म्हणजे उत्तर तिथेच मिळालं. तरी ती बसून राहिली, कारण उठायचं तर उभं राहावं लागलं असतं.

"बाबांनी सांगितलं तुला?"

"तू पेटी बाहेर ठेवलीस त्याच दिवशी. ती त्यांनीच गाडीत चढवली. ओढा ओलांडेपर्यंत एक शब्द नाही. मग चाबकाने दाखवलं आणि म्हणाले, ते खोऱ्यातलं तिसरं घर दिसतं ना, माझा बाप तिथला. तू काही परक्यात चालली नाहीस." सिग्नेने गोलाच्या मध्ये बोटाने खळगा केला. "लुडविकच्या आईशी ते तिच्या भाषेत बोलले. ती रडायलाच लागली. म्हणाली, माथ्यावरचा माणूस आणि आमच्यासारखं बोलतोय."

"पुढे कधी आले?"

"दर वर्षी. गोदामाला तंबाखू घेऊन जाताना. सेल्मर असायचा सोबत. तिथे बसायचे, तू बसलीस तिथेच. दोन-दोन तास."

"मला सांगायचे, गोदामाशी गाड्यांची रांग होती."

"रांग असायची की. इथून गेल्यावर."

बोर्गहिल्डने खसखशीच्या पातेल्याकडे बघितलं. तिला लाज वाटत होती, आणि अशी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. "मग मला का नाही सांगितलं? एवढी मी वाईट होते? बाबा भीत होते मला?"

"भीत होतेच. आम्ही सगळेच भितो तुला, बोर्गहिल्ड. त्यात काय नवीन? पण ते कारण नव्हतं." सिग्नेने हात झटकले आणि समोर बसली. "दर वर्षी इथे ठरवून जायचे, आता घरी गेलो की बोर्गहिल्डला सांगतो. पुढच्या वर्षी आले की मी विचारायचे, सांगितलंत? म्हणायचे, नाही. पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं, तिने सूप गरम ठेवलं होतं, माझे मोजे चुलीपाशी वाळत घातले होते. कसं सांगू?"

"सूप रोजच गरम असायचं."

"तेच तर. शेवटच्या वर्षी मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, तुमच्या सुपापायी माझ्या पोरांना आजोळ नाही. तेव्हा म्हणाले..." सिग्ने थांबली. "सांगू?"

"सांग. आज सगळे सांगतायत."

"म्हणाले, सतराव्या वर्षी तिने माझं घर उचललं. दोघं मागणी घालायला आले, दोघांना तिने दारातून परत पाठवलं, मला कोण बघणार म्हणून. सिग्ने, तुला लुडविक आहे, मुलं आहेत. तिच्याजवळ एक हेगलंड असणं तेवढं आहे. तेही मी काढून घेतलं तर बदल्यात काय देऊ तिला?"

बाबा आपल्याला मानतात, असं बोर्गहिल्ड आयुष्यभर धरून चालली होती. ते मानत होतेच. पण त्याहून जास्त कीव करत होते, आणि ती कीव इतक्या जपून की तिला कधी तिचा धक्काही लागला नाही. तिला बाबांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी ते समोर असते तर त्यांना काहीतरी गरम वाढावं असंही वाटलं.

"तुला मी घराबाहेर काढलं ते त्यांच्यासाठी," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"त्यांना ते नको होतं."

"नको होतं."

"मग मी ते कोणासाठी केलं?"

सिग्नेने उठून पातेलं चुलीवरून उतरवलं.

"माझं चुकलं, सिग्ने." हे वाक्य बोर्गहिल्डने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं.

"हो," सिग्ने म्हणाली.

"नुसतं हो?"

"पंचेचाळीस वर्षं झाली, बोर्गहिल्ड. लुडविकला पुरलं तेव्हा मी चर्चच्या दाराकडे बघत होते. आज हो म्हणतेय, तेवढं पुरे समज. बाकीचं येईल तेव्हा येईल."

बोर्गहिल्डने मान हलवली. मग पर्स उघडली आणि काउंटीच्या पुस्तकाचा कागद काढून पिठातच उलगडला. टॉर्केलचं नाव तिने आडवी रेघ मारून खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात यान वोंद्राक लिहिलं. मुलं पाच, इथे सहा केलं. सहाच्या पुढे नावं लिहायची होती. आपल्यानंतर दोघे भाऊ, मग सिग्नेची जागा येत होती, आणि तिथे जागाच ठेवलेली नव्हती. तिने समासात लिहिलं, सिग्ने. लग्नाचं साल तिला ठाऊक होतं. पुढे ती अडली.

"तुझी मुलं किती?" तिने विचारलं.

"चार. एक गेला."

"नाव?"

"अँडर्स."

तिने चारही नावं विचारून विचारून लिहिली, वारलेल्याचंही. समास संपला, तेव्हा कागद फिरवून मागच्या बाजूला लिहिलं. सगळ्यात खाली एक ओळ कोरी होती. माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही. हेगलंडांच्या प्रत्येक कागदावर, बाप्तिस्म्याच्या, मृत्यूच्या, जनगणनेच्या, त्या ओळीवर आजवर एकच सही होत आली होती.

बोर्गहिल्डने कागद टेबलावरून सिग्नेकडे सरकवला आणि पेन त्याच्यावर ठेवलं.

"इथे तू सही कर," ती म्हणाली. "मला यातलं काही माहीत नव्हतं."